नॅचेझला सहकुटुंब जाताना : मिसिसिपीकाठच्या जुन्या गावाच्या सहलीचे नियोजन

अमेरिकेच्या दक्षिण भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडे भारतातून आई-वडील आले की सहलींची ठिकाणे ठरलेली असतात. न्यू ऑर्लिन्स होते, ह्यूस्टनचे अवकाश केंद्र होते, एखादा समुद्रकिनारा होतो. मिसिसिपी नदी मात्र बहुतेकांना महामार्गाच्या पुलावरून, दोन मिनिटांत मागे पडताना दिसते. या नदीच्या पूर्व काठावर, सुमारे २०० फूट उंच कड्यावर नॅचेझ हे गाव वसलेले आहे. फ्रेंचांनी १७१६ मध्ये येथे फोर्ट रोझली बांधला, म्हणजे हे गाव न्यू ऑर्लिन्सपेक्षा दोन वर्षांनी वडील आहे. आम्ही येथे दोनदा गेलो. पहिल्यांदा मी, पत्नी आणि दोन मुले असे मार्चमध्ये गेलो. दुसऱ्यांदा माझे आई-बाबा अमरावती जिल्ह्यातून आले असताना त्यांना घेऊन ऑक्टोबरमध्ये गेलो.

पहिल्या सहलीत आम्ही जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने केली. गावात पोचताच थेट खांबांच्या पांढऱ्या हवेल्या पाहिल्या, आणि परतताना माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, “इथे राण्या राहायच्या का?” तिला आम्ही अर्धेच गाव दाखवले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. म्हणूनच काय पाहावे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहावे, यावर या लेखात माझा अधिक भर आहे. गावाचा उच्चार ‘नॅचेझ’ असाच, पहिल्या अक्षरावर जोर देऊन करतात.

१. आधी ऋतू ठरवा, मग तारखा

जून ते ऑगस्ट हे महिने वयस्कर माणसे सोबत असतील तर टाळावेत. तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते, पण हवेत दमटपणा इतका असतो की कोकणातल्या मे महिन्याची आठवण व्हावी. मार्च आणि एप्रिलमध्ये अझेलियाची झाडे फुललेली असतात. ‘स्प्रिंग पिलग्रिमेज’ नावाचा, १९३२ पासून चालत आलेला उपक्रमही याच काळात असतो, आणि एरवी बंद असलेली अनेक खासगी घरे त्या वेळी पाहुण्यांसाठी उघडतात. शरद ऋतूत त्याची छोटी आवृत्ती असते. पिलग्रिमेज हा शब्द ऐकून माझ्या आईला ही एखादी यात्रा वाटली होती, त्यामुळे हा घरे पाहण्याचा कार्यक्रम आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

माझे मत ऑक्टोबरच्या बाजूने आहे. हवा सुसह्य असते आणि नदीपलीकडच्या शेतांत कापूस फुटलेला असतो. मात्र ऑक्टोबरमध्येच गावात मोठ्या फुग्यांचा महोत्सवही होतो आणि त्या शनिवार-रविवारी खोल्या मिळणे अवघड होते. महोत्सव पाहायचा नसेल तर तो आठवडा सोडून द्यावा. वसंत ऋतूत गेलात तर वादळांच्या सूचनांकडे लक्ष असू द्या. फोनवर ‘टॉर्नेडो वॉच’ आले तर वादळाला अनुकूल स्थिती आहे, असा अर्थ होतो. ‘टॉर्नेडो वॉर्निंग’ आले तर वादळ दिसले आहे किंवा रडारवर टिपले गेले आहे आणि तत्काळ तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत जायचे आहे. आई-बाबांना हा फरक मराठीत समजावून सांगितलेला असला पाहिजे.

२. गावात पश्चिमेकडून शिरा

नॅचेझला विमानाने जाण्यात अर्थ नाही. बॅटन रूज आणि जॅक्सन हे सोयीचे विमानतळ असून तेथून मोटारीने दीड ते दोन तास लागतात. ह्यूस्टन किंवा डॅलसहून निघाल्यास साधारण सहा तास, न्यू ऑर्लिन्सहून तीन, तर अटलांटाहून आठ तास धरावेत. यात वयस्कर माणसांसाठी दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा मिळवावा.

टेक्सासकडून येणाऱ्यांनी अलेक्झांड्रियावरून हायवे ८४ धरून नॅचेझसमोरच्या काठावरच्या व्हिडेलियामार्गे यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तासभर लुईझियानाची सपाट, बांध नसल्यासारखी शेती दिसत राहते, मग नदीचा भराव येतो, आणि पुलावर चढल्यावर समोर एकदम झाडांनी भरलेला उंच कडा व त्यावरचे चर्चचे मनोरे दिसतात. गाव येथेच का वसले, हे त्या क्षणी न सांगता कळते. २०११ च्या मे महिन्यात येथे नदीची पातळी सुमारे ६२ फुटांवर गेली होती, आणि पुराची खूण ४८ फुटांवर आहे. पलीकडचा सखल काठ मातीच्या भरावाच्या भरवशावर आहे, तर कड्यावरच्या गावाला पुराची भीती नाही.

३. मुक्काम कोठे करावा

दोन रात्री पुरतात. तीन मिळाल्या तर उत्तम. गावात जुन्या हवेल्यांमध्ये ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ची सोय असते. ती नवविवाहितांना शोभेल, पण लहान मुले आणि गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर मी ती सुचवणार नाही. पायऱ्या उंच, जिने अरुंद, आणि शंभर-दीडशे वर्षांच्या फर्निचरजवळ मुलांना सांभाळण्यातच सारा वेळ जातो. त्यापेक्षा लहानसे स्वयंपाकघर असलेले हॉटेल पाहावे. शक्य झाल्यास ते कड्याजवळच्या जुन्या बाजारपेठेत चालत जाता येईल असे असावे.

आरक्षण करताना दोन गोष्टी विचारून घ्या: लिफ्ट आहे का, आणि एका खोलीत किती माणसांना परवानगी आहे. आम्ही पहिल्या वेळी तीन आठवडे आधी शोधाशोध केली, आणि गावात एकही खोली न मिळाल्याने रोज पाऊण तास मोटार चालवत बसलो. पिलग्रिमेजच्या काळात जाणार असाल तर चार महिने आधी खोली धरावी.

खोलीत स्वयंपाक करताना फोडणीला फार जपावे लागते. आम्ही एका हॉटेलात मोहरी-हिंगाची साधी फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजून सारा मजला बाहेर आला. वरण-भात, उपमा, पोहे हे सारे करता येते, पण फोडणी घरून डबीत करून आणावी.

४. कागदपत्रे आणि सामान

अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकांनी येथे राहण्याचा कायदेशीर पुरावा जवळ बाळगणे अपेक्षित असते, त्यामुळे आई-बाबांचे पासपोर्ट घरी ठेवून निघू नये. आमची यादी अशी होती:

– आई-बाबांचे मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि संकेतस्थळावरून काढलेली आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत. या सर्वांचे फोटो माझ्या आणि पत्नीच्या फोनमध्ये
– प्रवासी आरोग्य विम्याचे कार्ड, आणि जुन्या आजारांना तो विमा किती लागू आहे याची आधीच करून घेतलेली चौकशी
– औषधे मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसह, ठरल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची
– चालकाचा परवाना, मोटारीच्या विम्याचा पुरावा, आणि ज्याच्या नावावर खोली आहे त्याचे क्रेडिट कार्ड
– लहान मुलांच्या मोटारीतल्या खुर्च्या; नदी ओलांडताच राज्य बदलते आणि त्यासोबत नियमही बदलतात
– डास आणि गोचिडांसाठी फवारा, पाय झाकणारे बूट, टोप्या, छत्री
– घडीची खुर्ची, कारण हवेली दाखवताना सांगणारा माणूस एकेका खोलीत बराच वेळ बोलतो आणि तिथल्या खुर्च्यांवर बसता येत नाही. खुर्ची आत नेऊ देतात का, ते मात्र दारात विचारावे

यांतले बुटांचे कलम मी सर्वांत गंभीरपणे सांगतो. दक्षिणेतल्या गवतात ‘फायर अँट’ नावाच्या लाल मुंग्या असतात आणि त्यांचे वारूळ भुसभुशीत मातीच्या साध्या ढिगासारखे दिसते. माझा मुलगा सपाता घालून अशा ढिगावर उभा राहिला, आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या घोट्यांवर फोड उठले. ते दुसऱ्या दिवशी पिकले आणि आठवडाभर राहिले.

५. शाकाहारी जेवणाची सोय आधीच लावा

माझी आई शुद्ध शाकाहारी आहे आणि या प्रवासात तिची सर्वांत जास्त फसगत भाज्यांनी केली. दक्षिणेकडच्या भोजनालयात घेवड्याच्या शेंगा, पालेभाजी, राजमा-भात, लोबिया असे सारे आपले वाटणारे पदार्थ असतात; पण पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवतात, राजम्यात सॉसेज असते, मक्याची भाकर कधी बेकनच्या चरबीत भाजतात, आणि टमाले या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थात व ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. “यात मांस नाही ना?” असे विचारले तर प्रामाणिकपणे “नाही” असे उत्तर मिळते, कारण त्यांच्या दृष्टीने ती चव आहे, मांस नव्हे. म्हणून प्रश्न नेमका असावा: यात हॅम, बेकन, लार्ड किंवा मांसाचे पाणी घातले आहे का? एकाच कढईत मासे आणि भेंडी तळतात का, हेही विचारावे. ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची पेज, लोणी आणि मिरपूड घालून आईला मनापासून आवडली, पण तीसुद्धा पाण्यात शिजवलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

आपल्या पद्धतीचा किराणा घरूनच भरून न्यावा. मासे खाणाऱ्यांनी मात्र येथे कॅटफिश चुकवू नये.

विचारपूस करताना ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणण्याची तिकडे रीत आहे. मुलांना ती आधीच शिकवावी. वडीलधाऱ्यांना मान देण्याची आपली सवय त्या लोकांना लगेच ओळखू येते आणि बोलणे मोकळे होते.

६. पहिला दिवस : हवेल्या सोडून बाकीचे गाव

सकाळी प्रथम ‘ग्रँड व्हिलेज ऑफ द नॅचेझ इंडियन्स’ येथे जावे. ज्या लोकांचे नाव गावाला आहे, त्यांचे हे मुख्य ठाणे. हिरवळीवर मातीचे तीन टेकाड आहेत, छोटे संग्रहालय आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. त्यांच्या प्रमुखाला ‘महासूर्य’ अशा अर्थाची पदवी होती. जमिनीवरून फ्रेंचांशी वितुष्ट वाढत गेले आणि नोव्हेंबर १७२९ मध्ये नॅचेझ लोकांनी फोर्ट रोझलीवर हल्ला करून दोनशेहून अधिक फ्रेंच मारले. त्याचा सूड असा घेतला गेला की पकडलेल्यांना कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत गुलाम म्हणून विकले आणि उरलेले इतर जमातींच्या आश्रयाला गेले. ही हकिकत मुलांना तेथे हिरवळीवर बसवून सांगावी.

त्यानंतर ‘फोर्क्स ऑफ द रोड’. बाजारपेठेपासून साधारण मैलभर अंतरावर रस्त्यांच्या संगमाजवळ हा लहानसा मोकळा तुकडा आहे आणि मोटारीतून जाताना सहज चुकतो. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोठा असा दक्षिणेच्या या भागातला माणसांच्या विक्रीचा बाजार येथे भरत असे. व्हर्जिनिया आणि मेरीलँडकडून माणसांना साखळीने बांधून, शेकडो मैल पायी चालवत किंवा जहाजाने आणत असत. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, उत्तरेकडच्या म्हणजे संघराज्याच्या सैन्याने गाव ताब्यात घेतल्यावर हा बाजार बंद झाला, आणि गुलामीतून सुटून त्याच सैन्यात भरती झालेल्या माणसांनी तिथल्या कोठड्या पाडून त्यांचे लाकूड बराकींसाठी वापरले. २०२१ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. पाहण्यासारखे म्हणाल तर माहितीचे फलक आहेत आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या लोखंडी बेड्या आहेत. माझ्या मुलीने त्यातल्या एका कड्याशेजारी आपले मनगट धरून पाहिले. आम्ही कोणी काही बोललो नाही. तिला नंतर हवेल्यांबद्दल वेगळे काही समजावावे लागले नाही.

दुपारच्या जेवणानंतर स्टेट स्ट्रीटवरचे विल्यम जॉन्सन यांचे विटांचे घर पाहावे. जॉन्सन १८०९ मध्ये गुलामीत जन्मले, ११ वर्षांचे असताना मुक्त झाले, न्हाव्याचा धंदा उभा केला आणि १८३५ पासून १८५१ पर्यंत रोजनिशी लिहिली. गावातल्या उधाऱ्या, शर्यती, मारामाऱ्या, हवापाणी असे सारे तिच्यात आहे. मुक्त झालेल्या या माणसाने पुढे स्वतःही गुलाम बाळगले, आणि १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्यांचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय होते आणि गोऱ्या माणसाविरुद्ध त्यांची साक्ष कायद्याने चालत नव्हती. आरोपीने आपण गोरे असल्याचा दावा केल्यामुळे तो सुटला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला न्याय आणि कायदा यांतला फरक सांगायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

सापळा असा की ही छोटी ठिकाणे सर्व दिवस उघडी नसतात. आम्ही पहिल्या वेळी बंद दारावरचा फलक वाचून परतलो होतो. निघण्याच्या आठवड्यात फोन करून वार आणि वेळा लिहून घ्याव्यात, आणि त्यांनुसारच पहिला-दुसरा दिवस ठरवावा.

७. दुसरा दिवस : दोन हवेल्या, तिसरी नको

मोह खूप होतो, पण दिवसात दोन घरांपुढे जाऊ नये. तिसऱ्या घरात मुले कंटाळतात, आजी-आजोबा दमतात आणि झुंबरे एकमेकांत मिसळून जातात. वर्षभर खुली असणारी स्टँटन हॉल, रोझली, लाँगवूड आणि मेलरोज ही चार नावे आहेत. मी मेलरोज आणि लाँगवूड निवडीन.

मेलरोज हे १८४० च्या दशकातले घर राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. आवारात फिरायला पैसे नाहीत. घरात मार्गदर्शकासोबतच जाता येते, तिकिटे मोजकी असतात, म्हणून सकाळची वेळ धरावी. घरामागे स्वयंपाकघर आणि गुलामांच्या राहण्याच्या खोल्या शाबूत आहेत. त्या आधी पाहाव्यात. भोजनगृहात टेबलावर छतापासून लाकडाचा एक भलामोठा, कोरीव पडदा टांगलेला आहे. मार्गदर्शक बाईंनी त्याला ‘पंका’ म्हटले आणि तो शब्द भारतातून आल्याचे सांगितले. बाबांना इंग्रजी फारसे समजत नाही, पण ते वर पाहताच म्हणाले, “अरे, हा तर पंखा. कलेक्टर कचेरीत असायचा, दोरीवाला.” माणसे जेवत असताना कोपऱ्यात उभे राहून ही दोरी ओढण्याचे काम गुलाम मुलांकडे असे. बाबांनी दोरी कोठून गेली आहे ते नजरेने माग काढत पाहिले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि तेथे बराच वेळ उभे राहिले.

बाबांना तो पंखा उमगला, पण बाकीचे निवेदन त्यांना कळत नव्हते, आणि ही अडचण बहुतेकांना येईल. दक्षिणेकडचे इंग्रजी संथ असले तरी उच्चार आपल्या कानांना नवे असतात. यावर उपाय म्हणजे आदल्या रात्री जेवताना घरातल्या माणसांची हकिकत मराठीत सांगून ठेवावी. मग खोलीत उभे असताना भाषांतराची कुजबुज करावी लागत नाही आणि इतर पाहुण्यांनाही त्रास होत नाही.

लाँगवूड हे अष्टकोनी घर आहे आणि त्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट आहे. कापसाचे बडे जमीनदार हॅलर नट यांनी फिलाडेल्फियाचे वास्तुरचनाकार सॅम्युअल स्लोन यांच्याकडून त्याचा आराखडा करून घेतला. १८६० मध्ये काम सुरू झाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच उत्तरेकडचे कारागीर हत्यारे टाकून घरी गेले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातल्या नऊच पूर्ण झाल्या. नट १८६४ मध्ये वारले आणि कुटुंब तळघरात राहिले. वरच्या मजल्यावर गेलात की उघड्या विटा, उघडे वासे आणि कारागिरांनी सोडलेल्या वस्तू दिसतात. मुलांना सर्वांत जास्त हेच घर आवडते. वर जायला जिना चढावा लागतो. गुडघे दुखत असतील त्यांनी तळघर पाहून बाहेर झाडाखाली बसावे.

झाडांवर लोंबणारे करड्या रंगाचे ‘स्पॅनिश मॉस’ मुलांना तोडावेसे वाटते. खाली पडलेले उचलून गळ्यात घालू देऊ नका. त्यात चावणारे बारीक किडे असतात.

८. संध्याकाळ नदीसाठी राखून ठेवा

कड्यावर सपाट, रुंद पायवाट आहे, बाके आहेत आणि सूर्य पलीकडे लुईझियानाच्या सपाटीवर मावळतो. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही येथे चालतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी या आणि काहीही ठरवू नका. खालून बोटी जातात. त्यांना ‘टोबोट’ म्हणतात, पण त्या ओढत नाहीत, ढकलतात, आणि एकेका बोटीपुढे तीसहून अधिक तराफे बांधलेले असू शकतात. माझा मुलगा मोजता मोजता दोनदा चुकला.

कड्याखाली सिल्व्हर स्ट्रीट उतरते त्या भागाला ‘नॅचेझ अंडर-द-हिल’ म्हणतात. पूर्वी वाफेच्या बोटींचा धक्का येथेच होता. उतार तीव्र आहे, त्यामुळे वयस्करांना मोटारीने खाली न्यावे. आईला नदीला हळद-कुंकू वाहायचे होते. तिने चिमूटभर वाहिले, नमस्कार केला, आणि इतक्यात दूरवरून गेलेल्या बोटीच्या लाटा उतारावर येऊन तिची पावले भिजवून गेल्या. ती हसली, पण मी घाबरलो होतो. या नदीत पाण्याखाली ओढ फार असते. पाय धुण्यासाठीसुद्धा पाण्यात उतरू नये आणि मुलांचा हात सोडू नये. नारळ, फुले, प्लॅस्टिक यांतले काहीही पाण्यात टाकू नये.

९. तिसरा दिवस : ट्रेसवर अर्धा दिवस

नॅचेझपासून टेनेसीतल्या नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैलांचा ‘नॅचेझ ट्रेस पार्कवे’ जातो. बोटींतून माल घेऊन खाली आलेले लोक बोट लाकडासाठी विकून ज्या पायवाटेने घरी परतत, तिच्या मागावर हा रस्ता आहे. ट्रक नाहीत, जाहिराती नाहीत, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ५० मैल. प्रवेशशुल्क नाही. पण पेट्रोल पंपही नाही, आणि फोनला अनेकदा रेंज नसते. टाकी गावातच भरावी आणि राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ॲपमधली माहिती आदल्या रात्री उतरवून ठेवावी. अंधार पडू लागला की हरणे रस्त्यावर येतात, त्यामुळे दुपारीच परतीला लागावे.

मैलांचे आकडे नॅचेझपासून सुरू होतात. १०.३ मैलांवर एमराल्ड माउंड आहे: सुमारे आठ एकरांवर पसरलेले, माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेले टेकाड. वर चढता येते. मुंग्यांचे पथ्य येथेच सर्वांत कडक पाळावे. १५.५ मैलांवर माउंट लोकस्ट हे जुने वाटसरूंचे घर आहे. दम असेल तर ४१.५ मैलांपर्यंत जा. तेथे मूळ पायवाटेचा खोल खचलेला तुकडा आहे. वाऱ्याने आणून टाकलेली ही मऊ माती उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते, पण पावलांखाली आणि पावसात झिजते, म्हणून वाट माणसाच्या डोक्यापेक्षा खाली गेली आहे. नॅचेझचा कडाही याच मातीचा आहे आणि तेथे कठड्याच्या पलीकडे जाऊ देत नाहीत, ते याचमुळे.

१०. विक्सबर्ग जोडायचे का

उत्तरेला साधारण सत्तर मैलांवर विक्सबर्ग आहे. १८६३ मध्ये ४७ दिवसांचा वेढा सोसून ४ जुलैला ते शरण आले. रणभूमीवर १६ मैलांचा मोटाररस्ता आहे, आणि १८६२ मध्ये पाणसुरुंगाने बुडालेली, शंभर वर्षांनी वर काढलेली ‘कैरो’ ही चिलखती युद्धनौका तेथे ठेवलेली आहे. इतिहासाची गोडी असलेल्यांनी जावे, पण चौथा दिवस असेल तरच. तिसऱ्या दिवशी ट्रेस आणि विक्सबर्ग दोन्ही कोंबले तर एकही नीट होत नाही. डॅलसकडे परतणाऱ्यांना ते वाटेवर पडते.

११. परतीच्या वाटेवर कापूस

पूल ओलांडून व्हिडेलिया आणि फेरिडेच्या पुढे ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना कापूस असतो. नॅचेझच्या साऱ्या हवेल्या या पिकावर उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या माणसांना हे पटकन जवळचे वाटते, कारण अमेरिकेच्या यादवी युद्धात इथला कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे पाहिले, वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचे भाव चढले, मुंबईत सट्टा माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. ही गोष्ट मी बाबांना गाडीतच सांगितली.

शेतात उतरू नये. ती खासगी असतात. रस्त्याच्या रुंद कडेला गाडी उभी करून पाहावे. वेचणीला माणूस दिसत नाही, यंत्र चालते आणि मागे गुलाबी किंवा पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले प्रचंड गोल गठ्ठे टाकत जाते. बाबांनी कडेला पडलेले एक बोंड उचलले, पाकळ्या उघडून धागा बोटांमध्ये ओढला, सरकी दाताने फोडून पाहिली आणि धागा लांब असल्याचे सांगितले. त्यांना ते बोंड गावी न्यायचे होते. तसे करू नका. कापसाच्या झाडाचे भाग येथेही किडीच्या भीतीने राज्याबाहेर न्यायला निर्बंध असू शकतात, आणि भारतात परवान्याशिवाय बी नेणे चालत नाही; विमानतळावर सामान उघडले जाते ते अशाच वस्तूंसाठी. आम्ही बोंडाचा, सरकीचा आणि बाबांच्या हाताचा फोटो काढला आणि बोंड बांधावर ठेवून निघालो. फेरिडेत पेट्रोल भरून घ्यावे, म्हणजे अलेक्झांड्रियापर्यंत थांबावे लागत नाही.